२४ ब्रशांची मोळी

२४ मेकअप ब्रशांचा सेट ही शुद्ध लूट आहे. झालं, बोलून टाकलं एकदाचं. ज्यांच्या कपाटात ही मोळी रेक्झिनच्या गुंडाळीत बांधून पडलीये त्यांनी रागावण्याआधी पुढचं वाचा. आणि "इंजिनियर बाईने कोड लिहावा, ब्रशांवर प्रवचन कशाला?" म्हणणाऱ्या मित्रांनो, तुम्ही एक हेडफोन घ्यायला तीन आठवडे रिव्ह्यू वाचता. तेव्हा जरा गप्प बसा.

आधी शाळेतला भागाकार करू. समजा १,२०० रुपयांत २४ ब्रश, म्हणजे एक पडला ५० रुपयांना. त्यात दांडा, धातूची नळी, गोंद, ती चकचकीत पिशवी आणि दुकानदाराचा नफा. मग केसांवर खर्च करायला उरलं काय? शिवाय त्या २४ मधले निम्मे एकमेकांचे जुळे भाऊ असतात, फक्त उंची वेगळी. आमच्या धंद्यात हा प्रकार नेहमीचा आहे. सेल्सवाला फीचर्सची लांबलचक यादी दाखवतो, क्लायंट खूष होतो, आणि वर्षभर वापरली जातात त्यातली चार!

रोज ऑफिस गाठणाऱ्या बाईला पण चारच ब्रश पुरतात. फाउंडेशनसाठी एक दाट, गच्च भरलेला. पावडर आणि ब्लश दोन्हीला चालेल असा एक मध्यम, मोकळा, फुललेला. आयशॅडो पसरवायला एक छोटा, मऊ, टोकाला निमुळता. आणि भुवया-लायनरसाठी एक बारीक, तिरपा, जरा कडक. बस्स. लग्नाच्या सीझनला पाचवा घ्या, मी अडवणार नाही.

आता दुसरी अंधश्रद्धा: "नैसर्गिक केस म्हणजे भारी." प्राण्याच्या केसाला बारीक खवले असतात. त्यात सुकी पावडर छान धरली जाते, हे खरं. पण तोच केस फाउंडेशनसारखी पातळ वस्तू पिऊन टाकतो. म्हणजे तुमचं महागडं फाउंडेशन गालावर कमी आणि ब्रशात जास्त! नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम तंतू काही शोषत नाही, लवकर धुतला जातो, लवकर वाळतो. आणि आजचे चांगले कृत्रिम ब्रश पावडरलाही मस्त चालतात.

शिवाय 'नैसर्गिक' म्हणजे नक्की कुणाचे केस? 'कॅमल हेअर' नावाने विकल्या जाणाऱ्या ब्रशात उंट औषधालाही नसतो. खार, बोकड, घोडा, जे असेल ते. आणि आपल्याकडे मुंगूस. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. तरी २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' केलं तेव्हा मुंगसाच्या केसांचे हजारो ब्रश सापडले. उत्तर प्रदेशातलं शेरकोट हे ब्रशांचं मोठं केंद्र, पण छापे आपल्या मुंबई-पुण्यातही पडले. ते ब्रश मुख्यतः चित्रकारांचे होते, मान्य. पण वेष्टनावर प्राण्याचं नावच नसेल, तर गालावर कोण फिरतंय हे तुम्हाला कसं कळणार? मला विचाराल तर मी सरळ कृत्रिम घेते. भानगडच नको.

ब्रश कसा बनवावा हे बघायचं तर जपानमध्ये, हिरोशिमा प्रांतातल्या कुमानोत. २०११ मध्ये जपानच्या महिला फुटबॉल संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने सन्मानासोबत खेळाडूंना कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले! तिथले कारागीर प्राण्यांचे केसही वापरतात, पण शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच. ते केसांची टोकं कापत नाहीत. सगळे केस टोकं जुळवून रचतात आणि आकार तसाच आणतात. कात्रीने छाटलेलं टोक बोथट असतं, म्हणून टोचतं. कृत्रिम तंतूतही टोक निमुळतं केलेलं असेल तर ब्रश मऊ लागतो. खरे पैसे या टोकाचे असतात, गुलाबी दांड्याचे नव्हे.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा एवढं करा. ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवा. टोचला तर ठेवून द्या. केस हलकेच ओढा. दोन-चार हातात आले तर ठेवून द्या. दांडा आणि नळी विरुद्ध दिशेला फिरवून बघा. डुगडुगली तर ठेवून द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

आणि शेवटचं: धुवा हो! अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. सौम्य शाम्पू, कोमट पाणी, फक्त केस भिजवायचे. पाणी नळीत शिरलं की गोंद सुटतो. मग आडवे ठेवून वाळवायचे, पेल्यात उभे नाही. आता सांगा, दर रविवारी २४ ब्रश कोण धुणार? कुणीच नाही. तेच तेल, तीच पावडर, तेच जंतू पुन्हा चेहऱ्यावर, आणि मग पिंपल्सच्या क्रीमवर वेगळा खर्च. ४ असतील तर चहा उकळेपर्यंत धुऊन होतात.

पटलं तर घ्या. नाहीतर मोळी आहेच.