तीर्थनला जाताय? स्पीकर घरीच ठेवा
मनालीची बस औटच्या बोगद्यात शिरायच्या आधी बंजारचा फाटा लागतो. तेव्हा बहुतेक जण गाढ झोपेत असतात! तिथे उतरलात तर पुढे तीर्थनचं खोरं आहे. ट्राउट माशांची नदी, गुशैणी गाव आणि तिथून २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्ककडे जाणारी पायवाट.

रील्समध्ये याला ‘अनटच्ड’ म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. या नदीवर जलविद्युत प्रकल्प येणार होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध लढले, म्हणून ती आजही मोकळी वाहते. मग सेमिस्टर संपल्यावर दहा जणांच्या गँगने जाऊन काठावर ब्लूटूथ स्पीकर लावायचा आणि चिप्सची पाकिटं दगडांच्या फटीत कोंबायची, हे कसं चालेल?

जा, जरूर जा. पण तिघे-चौघेच जा. होमस्टेत राहा, गरम सिड्डू खा (तूप भरपूर मागून घ्या). त्याच ट्रिपमध्ये कसोल-मनाली ‘कव्हर’ करायचा हट्ट सोडा. दोन दिवसांनी बोअर झालं तर होऊ द्या की! आणि फोटोखाली ‘अनटच्ड’ऐवजी ‘गावकऱ्यांनी वाचवलेलं’ असं लिहा.