आधी खर्च, मग आधार

सेरेब्रल पाल्सी वा स्वमग्नता असलेल्या मुलाचे उपचार एखाद्या शस्त्रक्रियेने संपत नाहीत. वाचा-उपचार, फिजिओथेरपी आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागतात; खंड पडला की कष्टाने कमावलेले कौशल्यही मागे पडते. पगारावर चालणाऱ्या कुटुंबाने हा भार पेलावा कसा?

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील 'निरामय' विमायोजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तीत वयाची अट नाही, पूर्वतपासणी नाही आणि नियमित उपचारांचाही समावेश आहे. परंतु या उपचारांच्या वाट्यास त्या लाखातील मर्यादित हिस्साच येतो. आणि तोही आधी पदरचे पैसे खर्चून पावत्या सादर केल्यावर! ज्याच्यापाशी आरंभीचे पैसेच नाहीत त्याने पावती आणावी कोठून? शिवाय २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली असता न्यासाची कक्षा मात्र चार प्रकारांपुरतीच आहे.

यावर उपाय अवघड नाही. नियमित उपचारांची मर्यादा वाढवावी, रक्कम परस्पर उपचारकेंद्रास द्यावी आणि महापालिकांनी घराजवळच्या दवाखान्यांतून हे उपचार उपलब्ध करावेत. पालकांनीही संकोच सोडून अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे व योजनेत नाव नोंदवावे; कायद्याने देऊ केलेले मागण्यात कमीपणा कसला? सरकारने मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मुलाचे वाढीचे वय फायलीच्या प्रवासासाठी थांबून राहत नाही.