नवव्या महिन्यात जागे होणारे शासन

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्यविषयक अहवाल सादर केला, तेव्हा हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावत असल्याचा अंदाज होता. २०१८–२० या काळात हे प्रमाण लाखामागे ९७ वर आले. ही घट सामान्य नव्हे. परंतु ती साधताना आपण प्रसूतीच्या दिवसाकडे जितके लक्ष दिले, तितके त्याआधीच्या आठ महिन्यांकडे दिले नाही.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि रुग्णालयातील प्रसूतीला रोख अनुदान मिळू लागले. परिणाम विलक्षण होता. २००५–०६ मध्ये ३८.७ टक्के असलेल्या संस्थात्मक प्रसूती २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्क्यांवर पोहोचल्या. त्याच पाहणीत पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता मात्र ७० टक्के, आणि किमान चार तपासण्या झालेल्या ५८.१ टक्केच आढळल्या. बिहारमध्ये तर चार तपासण्या साधारण चौघींपैकी एकीच्याच वाट्याला आल्या. मी जिल्ह्याचा कारभार पाहत असताना मासिक आढाव्यात पहिला प्रश्न नेहमी एकच असे: प्रसूती किती झाल्या? बाराव्या आठवड्याच्या आत किती जणींची नोंद झाली, हे विचारल्याचे मला आठवत नाही. हा दोष माझाही आहे.

पहिल्या तपासणीत होते काय? रक्तदाब, लघवी, रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी. यांतले काहीही महागडे नाही, पण वेळ निर्णायक आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होत असल्याने फॉलिक ॲसिडची गोळी सातव्या महिन्यात देऊन त्या कामी उपयोग नसतो. रक्तक्षयाचेही तेच. २०१९–२१ च्या पाहणीत गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. नवव्या महिन्यात रुग्णालयात आलेल्या स्त्रीकडे तेवढे दिवसच उरलेले नसतात. मग प्रसूतीनंतरचा जो रक्तस्राव सुदृढ स्त्री सोसते, तोच तिचा जीव घेऊ शकतो.

तपासणी मोफत आहे, तरी स्त्रिया का येत नाहीत, असा प्रश्न शहरांत विचारला जातो. आसामचे चहामळे पाहिले की उत्तर मिळते. २०१८–२० मध्ये आसामचा मातामृत्यू दर १९५, म्हणजे देशाच्या दुप्पट होता. पाने खुडणाऱ्या मजूर स्त्रीसाठी आरोग्य केंद्रातला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. ‘मोफत’ सेवेची तिने मोजलेली किंमत हीच. कायद्याने मिळणारी प्रसूती रजादेखील प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडेच घेता येते. ही अडचण ओळखून आसाम सरकारने २०१८ मध्ये मळ्यांतील गरोदर मजुरांसाठी बारा हजार रुपयांची मजुरी-भरपाई योजना सुरू केली आणि तिचा पहिला हप्ता पहिल्या तिमाहीशी जोडला. अंमलबजावणीविषयी मतभेद असू शकतील. विचार योग्य आहे.

केंद्राची प्रधानमंत्री मातृ वंदना योजना याबाबतीत मागे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरीतील व तत्सम लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता, प्रत्येक गर्भवतीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. योजनेने पहिल्या अपत्यासाठी पाच हजार ठरवले. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच पुन्हा लाभ. म्हणजे आधीच दोनतीन बाळंतपणांनी थकलेली, अधिक जोखमीची स्त्री वगळलीच गेली. शिवाय २०२२ च्या सुधारित रचनेत पहिल्या हप्त्यासाठी एक तपासणी सहा महिन्यांच्या आत झाली तरी चालते. सरकारी मुदतीचा स्वभाव असा, की लोक ती संपत आली की हलतात. बारा आठवड्यांच्या आत येणारीला वेगळी, वाढीव रक्कम द्यावी आणि उशिरा येणारीचा मूळ लाभ मात्र कापू नये. तपासणीचा दिवस मळ्यावर, वीटभट्टीवर, बांधकामावर भरपगारी धरावा. आणि जिल्ह्याच्या आढावा बैठकीतील पहिला रकाना प्रसूतींऐवजी बाराव्या आठवड्याच्या आतील नोंदींचा असावा. त्याला नव्या कायद्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरेल.