यादीत रिक्षा नाही

खिडकीत कॅमेरा लावून रस्त्यावरची वाहनं मोजणाऱ्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: "चालतंय ना? मग हात लावू नकोस." माझं म्हणणं बरोबर उलट आहे. सोलापुरात बसून वाहतूक मोजायची असेल तर त्या यंत्रातलं सॉफ्टवेअर बदलावंच लागेल, आणि आपल्याच हातांनी बदलावं लागेल. नाहीतर खिडकी आपली असेल, पण मोजणी दुसऱ्याच कुठल्यातरी शहराची चालेल.

यंत्र तसं साधं आहे. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, त्याला कॅमेरा, एक मेमरी कार्ड, आणि खिडकीच्या गजाला बांधायला सुतळी. बेल्जियममधल्या ल्युवेन शहरातून निघालेल्या टेलराम प्रकल्पाने ही कल्पना तिकडे घराघरांत नेली. कॅमेऱ्यातलं चित्र जागच्या जागी तपासायचं आणि पुढे फक्त आकडे पाठवायचे, म्हणजे कुणाचा चेहरा की नंबरप्लेट साठत नाही. पण त्या यंत्राची पहिली आवृत्ती चारच प्रकार ओळखायची: पायी चालणारे, सायकल-दुचाकी, कार आणि अवजड वाहन. तेही उजेड असेपर्यंतच. मे महिन्यात सोलापूरकर ऊन उतरल्यावरच बाहेर पडतो. इथे फक्त उजेडात मोजणं म्हणजे शटर खाली असताना गिऱ्हाइकं मोजणं.

बरं, हे सोडून तयार मिळणारी दुसरी मॉडेलं घ्यावीत, तर त्यांतली कित्येक 'कोको' नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात. २०१४ साली आलेल्या या संग्रहात वस्तूंचे ८० प्रकार आहेत. त्यात जिराफ आहे, टोस्टर आहे, बर्फावरून घसरायची फळीसुद्धा आहे. रिक्षा नाही. ट्रॅक्टर नाही. हातगाडी नाही, बैलगाडी नाही. यादीत जे नाही ते यंत्राला दिसत नाही. फार तर ते जवळच्या खणात कोंबलं जातं. मग रिक्षा कधी कार होते, कधी ट्रक, आणि कधी काहीच होत नाही.

माझी खिडकी पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे आहे. खालून सुताचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या जातात. विड्या द्यायला निघालेल्या बायका पायी जातात, नाहीतर सहा-सात जणी मिळून एक रिक्षा करतात. उसाच्या हंगामात शहराभोवतीच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. यातलं काय त्या ८० खणांत बसतं?

"एवढ्याशा चुकीने काय बिघडतं?" असं कुणी म्हणेल. हिशोब करू या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या शहरी रस्त्यांच्या मानकात प्रत्येक वाहनाला कारच्या तुलनेत वजन दिलेलं आहे. कार १, रिक्षा १.२ ते २, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, हातगाडी २ ते ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. समजा, एका तासात ३०० रिक्षा गेल्या आणि यंत्राने त्या कार म्हणून नोंदवल्या. रिक्षाचं वजन २ धरलं तर ६०० लिहायला हवे होते, तिथे ३०० लागले. म्हणजे निम्मा रस्ता कागदावरून गायब! आणि सिग्नलची वेळ, रस्त्याची रुंदी, पुलाचा प्रस्ताव हे सगळं याच कागदावर ठरतं.

त्या तक्त्यावरही माझा राग आहे. तो माणसं मोजत नाही, अडथळा मोजतो. चाळीस माणसं नेणारी बस तिथे जास्तीत जास्त ३.७ गाड्यांचा अडथळा ठरते, आणि पायी चालणाऱ्याला तर तक्त्यात ओळच नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. मरताना ज्याची नोंद होते त्याची चालतानाही व्हायला हवी, एवढी साधी मागणी आहे.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. "अपडेट आपोआप चालू ठेव, फोनवर ठेवतोस तसं." यालाही माझा विरोध आहे. रास्पबेरी पायच्या प्रणालीत नोव्हेंबर २०२१मध्ये जुनी कॅमेरा-व्यवस्था बाजूला सारून नवी आणली गेली. जुन्या आज्ञांवर लिहिलेले प्रोग्रॅम तिच्यावर चालेनात. ऑक्टोबर २०२३मध्ये वायफाय जोडायची पद्धत बदलली. बदल वाईट नव्हते. पण आपण झोपेत असताना ते झाले, तर सकाळी खिडकीत एक आंधळा डबा उरतो.

यापेक्षा घातक अपडेट वेगळंच असतं. यंत्र बंद पडत नाही, आकडे येत राहतात, फक्त खणांची यादी बदललेली असते. नव्या मॉडेलला रिक्षा ओळखता येऊ लागली की आलेखात कार एका रात्रीत घसरतात. ते पाहून उद्या कुणीही छाती पुढे काढून सांगेल, आमच्या मोहिमेमुळे गाड्या कमी झाल्या!

"म्हणूनच बदलू नये, आकड्यांची मालिका तुटते," हा सगळ्यांत शहाणा वाटणारा आक्षेप. पण रोज तीच चूक केली म्हणून तिचं मोजमाप होत नाही. मालिका जोडता येते. जुनं कार्ड तसंच जपून ठेवा, नवी आवृत्ती दुसऱ्या कार्डावर घाला. एकाच खिडकीचं तेच चित्रण दोन्हींना दाखवा. मग त्यातल्याच एका तासाची वाहनं वही घेऊन स्वतः मोजा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. तिन्ही आकडे शेजारी लिहा. यंत्र किती चुकतं आणि कुठे चुकतं, ते तिथे दिसतं.

शिकवायला चित्रं कुठून आणणार? हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा चित्रसंग्रह केलाय. त्यात रिक्षाला स्वतंत्र खण आहे. पण ती चित्रं रस्त्यावर धावणाऱ्या गाडीतून घेतलेली आहेत आणि आपली खिडकी दुसऱ्या मजल्यावर. वरून दिसतो तो रिक्षाचा टप. तेव्हा आपल्या खिडकीतली काहीशे चित्रं लागतील, चेहरे पुसून, एकेका वाहनाभोवती चौकट आखून. काम कंटाळवाणं आहे, पण कॉलेजची चार पोरं मिळून उरकू शकतात.

२०१६च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं. शहाणपण कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरत असेल तर वाद मिटला. माझ्या मते ते त्या कॅमेऱ्यांमागच्या यादीवर ठरतं, आणि ती यादी जाहीर हवी. वाहतुकीचा कुठलाही आकडा छापताना, तो महापालिकेचा असो, सल्लागाराचा असो की माझ्यासारख्या खिडकीवाल्याचा, त्याखाली तीन गोष्टी असाव्यात: खण कोणते, आवृत्ती कोणती, आणि हाताने पडताळणी कधी झाली. पुढच्या वेळी फोनवर असा आलेख आला तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: यात रिक्षा कुठे आहे?