डावा डोळा आणि उजवा खांदा

कलाशाखेच्या वार्षिकात बंदुकीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि नेमबाजी आपल्या गप्पांत आली. या खेळाची दुसरी शाखा शॉटगनची. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोडांनी रौप्यपदक मिळवले ते याच बंदुकीने. तिच्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

इथले लक्ष्य म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी. नाव ‘क्ले’, पण घडण डांबरासारख्या राळेची आणि चुनखडीच्या भुकटीची! ती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. अशा वेळी नवशिका पोर चुकले की मागून शेरा येतो, “याला नेमच नाही.” माझी तक्रार या शेऱ्याविषयी आहे.

आपल्या दोन डोळ्यांपैकी एक वरचढ असतो. त्याचा दृष्टीच्या तीक्ष्णतेशी संबंध असतोच असे नाही, आणि उजव्या हाताच्या माणसाचा वरचढ डोळा उजवाच असतो असेही नाही. सुमारे एक-तृतीयांश लोकांचा तो डावा असतो. रायफलवाल्याचे एक डोळा झाकून भागते, कारण त्याचे लक्ष्य स्थिर असते. उडत्या तबकडीचा वेग आणि अंतर जोखायला मात्र दोन्ही डोळे उघडे लागतात. शॉटगनला मागची दर्शनी नसते. नळीच्या टोकाला मण्याएवढी माशी असते, आणि मागची दर्शनी म्हणजे खुद्द नेमबाजाचा डोळा!

आता बंदूक उजव्या खांद्याला आणि वरचढ डोळा डावा असेल तर काय होईल? दोन डोळ्यांत सहा सेंटिमीटरांचे अंतर, डोळ्यापासून माशी मीटरभर दूर. गणित सोपे आहे. तीस मीटरवर छर्रे पावणेदोन मीटर डावीकडे जातात. त्यांचा फैलाव जेमतेम मीटरभर. पोराने जन्मभर सराव केला तरी तबकडी कशी फुटणार?

परीक्षा तर फुकटची आहे. हात लांब करून दोन्ही पंजांमध्ये लहानशी फट ठेवावी, तीतून दूरचा दिवा पाहावा आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो वरचढ. डावा निघाला तर नवशिक्याने सरळ डाव्या खांद्यावर बंदूक घ्यावी, असे माझे मत आहे. खांद्याची सवय पक्की झाली असेल, तर चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावतात. पण डावऱ्या मुलाच्या हातावर मारून पाटी उजव्या हाताने लिहायला लावणारी आपली मंडळी! अर्जुनाला ‘सव्यसाची’ म्हणून गौरवायचे आणि घरातल्या डावखुऱ्याला दटावायचे, ही आपली रीत.

दुसरी गोष्ट बंदुकीच्या मापाची. आपण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतो. बंदुकीला हा हिशेब लागू नाही. घोड्यापासून दस्त्याच्या टोकापर्यंत प्रौढाला साधारण चौदा-साडेचौदा इंच लागतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते फार होतात. ती मागे झुकते, दस्ता खांद्यावरून दंडावर सरकतो, गाल सुटतो आणि धक्का नेमका गालफडावर बसतो. चार दिवसांत ती घोडा दाबण्याआधीच डोळे मिटू लागते. यात भित्रेपणा कुठला? शिवाय बऱ्याच बंदुकांचा दस्ता उजव्या खांद्याच्या सोयीने किंचित बाहेर वळवलेला असतो. तो डावखुऱ्याच्या गालात रुततो.

बंदूक महाग, तेव्हा प्रत्येकाला नवी कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु आखूड दस्ता आणि मागे लावायच्या दोन-तीन पट्ट्या एवढ्यावर एकच बंदूक अनेक मुलांना पुरते, आणि मूल वाढले की पट्टी वाढवता येते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मुलाने डोळे मिटून ती खांद्याला लावावी, मग उघडावेत. शिकवणाऱ्याने समोरून पाहावे. वरचढ डोळ्याची बाहुली नळीच्या बरोबर वर दिसली तर माप जमले; नाहीतर त्या दिवशी काडतुसांचा डबा उघडूच नये.