रात्री बोटीवर जागे कोण असते?

लाल समुद्रातल्या किंवा मालदीवमधल्या लाइव्हअबोर्ड सफरींची जाहिरात पाहिली, तर तीत बोट अगदी नावापुरती असते. बाकी सगळी जागा मांटा रे, हॅमरहेड शार्क आणि प्रवाळांच्या भिंतींना दिलेली असते. आठवडाभर बोटीवरच मुक्काम करायचा, दिवसाला तीन-चार डाइव्ह मारायच्या आणि किनाऱ्यावरून रोज जाऊन-येऊन गाठता येणार नाहीत अशा खडकांपाशी पाण्यात उतरायचे, ही कल्पना मोहात पाडणारी आहेच. तारकर्लीला प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन ज्याने पहिल्यांदा पाण्याखालचे जग पाहिले आणि पुढे रीतसर ओपन वॉटरचे प्रमाणपत्र मिळवले, त्याला आज ना उद्या या सफरीचे वेध लागतात. मात्र बोट निवडताना पहिला प्रश्न असतो तो ‘तिथे काय काय दिसेल?’ हा. माझ्या मते तो शेवटी विचारावा. रात्री सगळे झोपल्यावर या बोटीवर जागे कोण असते, हे आधी विचारावे.

हा प्रश्न कुठून आला, हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातील ‘कन्सेप्शन’ बोटीची हकीकत पुरेशी आहे. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या या बोटीला आग लागली. खालच्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोलीत 33 प्रवासी आणि एक कर्मचारी होता. ते सर्वच्या सर्व 34 जण दगावले. कप्तानासह वर झोपलेले पाच कर्मचारी वाचले. त्या खोलीतून बाहेर पडायला कागदोपत्री दोन वाटा होत्या. एक जिना, आणि दुसरे मागच्या टोकाच्या बंकवर छतात बसवलेले झाकण. पण जिना काय आणि झाकण काय, दोन्ही वरच्या एकाच दिवाणखान्यात उघडत होते आणि आग तिथेच भडकली होती. बोटीला अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना होता आणि रात्री फिरता पहारा ठेवण्याची अट त्या परवान्यातच होती. तो पहारा त्या रात्री नव्हता. अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेने मालक कंपनीच्या ढिसाळ देखरेखीवर ठपका ठेवला, पुढे कप्तानाला चार वर्षांची शिक्षा झाली. एक माणूस हातात बॅटरी घेऊन फेऱ्या मारत असता, तर आग वेळीच दिसण्याची शक्यता कितीतरी वाढली असती.

इजिप्तच्या किनाऱ्यावरही हेच दिसते. जून 2023 मध्ये मार्सा आलमजवळ ‘हरिकेन’ बोटीला सकाळी आग लागून तीन ब्रिटिश पर्यटक गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘सी स्टोरी’ ही बोट चाळीसहून अधिक माणसांसह पहाटे उलटली. समुद्र खवळणार असल्याचा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता. चार मृतदेह सापडले, सात जणांचा पत्ता लागला नाही आणि काहींना दुसऱ्या दिवशी उलटलेल्या बोटीच्या आतून जिवंत बाहेर काढावे लागले. यांतले कोणीही खोल पाण्यात हवा संपून गेले नाही. घात झाला तो बोटीवर, आणि बहुतेक वेळा माणसे झोपेत असताना.

यावर जाणकार डाइव्हर एक रास्त आक्षेप घेतील. डायव्हिंगमधले कितीतरी मृत्यू पाण्यातच होतात, त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो, मग बोटीचे एवढे स्तोम कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, पण निष्कर्ष तसा निघत नाही. पाण्याखालचा धोका बराचसा आपल्या हातात असतो. जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घेता येते. ओपन वॉटरवाल्याने 18 मीटरची आणि अनुभवी माणसाने 40 मीटरची मर्यादा पाळावी, हे अभ्यासक्रमातच शिकवतात. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास थांबावे, ही शिफारसही सर्वांना ठाऊक असते. बोटीचे तसे नाही. आपण केबिनमध्ये डोळे मिटले की आपला जीव कप्तान, खलाशी आणि विजेच्या तारा यांच्या हवाली होतो. तिथे आपला शब्द चालतो तो फक्त पैसे भरण्यापूर्वी. म्हणून तयारीचा सर्वांत मोलाचा तास पोहण्याच्या तलावात नव्हे, तर बोटीची चौकशी करण्यात घालवायला हवा.

दुसरा आक्षेप असा, की हे पाहणे सरकारचे काम आहे, पर्यटकाला त्यातले काय कळते? काम सरकारचेच आहे, याबद्दल वाद नाही. पण ‘कन्सेप्शन’कडे परवाना होता. कागद अट घालतो, ती रोज रात्री पाळली जाते की नाही हे कागदाला कळत नाही. शिवाय जे विचारायचे ते कळायला नौकाबांधणी शिकावी लागत नाही. रात्रभर पहारा असतो का? केबिनमधून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, आणि त्या वेगवेगळ्या जागी निघतात का? बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, आणि तेव्हा तिथे कोणी असते का? हवामान बिघडल्यास सफर रद्द होते का, आणि तेव्हा पैशांचे काय? ऑक्सिजन किती आहे, आणि डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास झाल्यास उपचारासाठी लागणारे सर्वांत जवळचे रीकम्प्रेशन चेंबर कुठे आहे? या प्रश्नांची उत्तरे शाळकरी मुलालाही समजतील. परक्या देशातल्या मालकाला असे विचारणे उद्धटपणाचे वाटत असेल, तर भीड ही भिकेची बहीण हे आपणच म्हणतो. आणि चांगल्या चालकाला हे प्रश्न खटकत नाहीत. त्याची उत्तरे तयार असतात.

‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणून हे सारे उडवून लावणारेही भेटतील. हजारो सफरी सुखरूप परततात, हे ते सांगतील आणि ते खरेच आहे. पण ‘कन्सेप्शन’नंतर अमेरिकेने रात्री झोपण्याची सोय असलेल्या छोट्या प्रवासी बोटींसाठी आगीची सूचना देणारी यंत्रणा, सुटकेच्या वाटा आणि पहारा यांचे नियम कडक केले, ते 34 माणसे गेल्यावर. पुढच्यास ठेच लागली आहे. मागच्याने शहाणे व्हायला आणखी एका आगीची वाट पाहू नये.

आपल्यापुरते जे करायचे ते फारसे अवघडही नाही. कॅमेरा, टॉर्च आणि पॉवर बँक केबिनमध्ये रात्रभर चार्जिंगला लावू नका. पहिल्याच संध्याकाळी दोन्ही वाटांनी स्वतः बाहेर पडून बघा, लाइफ जॅकेट कुठे आहे ते हाताने चाचपून ठेवा. प्रवास विम्यात स्कूबा डायव्हिंग धरले आहे का, हे पॉलिसीत वाचा. आणि बोटीचे प्रश्न ईमेलने पाठवून लेखी उत्तर मागा. उत्तर गोलमोल आले, तर तिथले मासे कितीही सुंदर असोत, त्या बोटीला आगाऊ रक्कम देऊ नका.