सोपाऱ्याचा स्तूप आणि पाहणारांचे डोळे



शिल्प बोलते असे म्हणतात. परंतु ते काय बोलले हे केवळ कारागिराच्या छिन्नीवर ठरत नाही. पाहणारांच्या काळात सत्ता कोणाची, वारे कोणत्या दिशेचे, यावरही ते ठरते. याचे पुरावे वसई तालुक्यातच आहेत.

वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकला. तेथील पडक्या चर्चच्या कमानीत एकाला मराठ्यांचा विजय दिसतो, तर ख्रिस्ती वसईकराला आपल्या वाडवडिलांचे प्रार्थनास्थान दिसते. दगड मात्र तेच आहेत.

सोपाऱ्याच्या स्तूपाचा दाखला याहून बोलका आहे. अशोकाचे शिलालेख जेथे कोरले गेले, ते हे प्राचीन बंदर. पुढे राजाश्रय आटला, धम्म ओसरला, ब्राह्मी लिपी वाचणारा उरला नाही. मग स्तूपाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणू लागले. नाशिकच्या बौद्ध लेण्यांची 'पांडवलेणी' झाली, तीही अशीच. ज्या समाजाच्या स्मृतीतून बुद्धच पुसला गेला, त्याला स्तूपात स्तूप कसा दिसावा? तथापि येथील लोकांनी त्या ढिगाऱ्याचा धनी कोणी पुराणपुरुष न मानता बांबू विणणाऱ्या जातीचा राजा मानला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो स्तूप खणला. आत दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि ब्राँझच्या आठ मूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही हाती आला. इंग्रजी अमदानीत या ठेव्याचा अर्थ लावणारे होते ते प्राच्यविद्येचे पंडित. स्तूपातील वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेल्या.

१९४७ साली अशोकचक्र राष्ट्रध्वजावर आले आणि १९५० साली सारनाथचे सिंह राजमुद्रेवर बसले. १९५६ साली सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. आजारपण, विवाह, अपत्यजन्म या प्रसंगी होणारी कर्मकांडे फारसे फळ देत नाहीत, दास आणि सेवकांशी नीट वागणे हेच खरे मंगल, असे तो लेख सांगतो. पंडिताला त्यात लिपी दिसली. गंडेदोरे नुकतेच टाकलेल्या कुटुंबाला त्यात आपल्याच घरचा प्रश्न दिसला.

म्हणून आपला अर्थच तेवढा खरा, असे मात्र समजू नका. वारे आपल्याही डोळ्यांत शिरते. त्या आठ मूर्ती अशोकाच्या काळच्या आहेत असे कोणी अभिमानाने सांगेल, तर ते चूक आहे. त्या मैत्रेय व सात बुद्धांच्या असून इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या आहेत. या सत्याने आपले काही उणे होत नाही. उलट अशोकानंतर हजार वर्षांनीही सोपाऱ्यात बुद्धाला वंदन करणारे होते, हे त्यावरून कळते. कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश शिल्प पाहतानाही लागू आहे.

मुलांना स्तूपावर न्याल तेव्हा वंदनेबरोबर त्यांना तीन प्रश्न शिकवा: हे कोणी उभारले? याचे नाव कोणाच्या काळात बदलले? आणि आज जो याचा अर्थ सांगतो आहे, त्याच्याजवळ पुरावा कोणता? हे प्रश्न परक्याला विचारावयाचे तसेच आपल्या व्यासपीठावरील वक्त्यालाही विचारावयाचे आहेत.